दक्षिणेचा पाहुणा : अग्रनद



आज मी आपणांस एका ताऱ्याची हकीकत सांगणार आहें. तिचा आरंभ मला माझ्या एका चुकीपासून करावा लागतो. आणि ती चूक मी जवळजवळ तीस वर्षें मनांत बाळगली असल्यामुळें आधीं ती सांगून टाकणेंच बरें.

धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठच्या एका गांवीं मी त्या वेळीं मास्तर होतों. डिसेंबरचा मध्य असावा. मार्गशीर्षांतली काळोखी, स्वच्छ रात्र होती. आमच्या खानदेशांत थंडी पडूं लागली कीं शेतांत भरिताचे बेत होतात. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मला आग्रहानें मळ्यांत जेवावयास बोलाविलें होतें. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवीं वांगीं भाजलीं जात होतीं, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या, आणि पलीकडे गव्हाला पाणी चाललें होतें. साडेआठाच्या सुमारास तो मुलगा माझ्याजवळ येऊन बसला आणि त्यानें दक्षिणेकडे बोट केलें. थेट दक्षिणेस, झाडांच्या शेंड्यांच्या किंचित् वर, एक ठळक तारा एकटाच तेवत होता. त्याच्या आसपास दुसरा तेजस्वी तारा नव्हता. हा कोणता, असें त्यानें विचारलें. मी क्षणाचाही विलंब न लावतां सांगितलें, "अगस्ति."

दक्षिणेस ठळक तारा दिसला कीं त्यास अगस्ति म्हणावें, एवढेंच माझें त्या वेळचें ज्ञान. मुलाचें समाधान झालें. जेवणें झालीं, गप्पा रंगल्या, आणि तासाभरानें तो पुनः माझ्याजवळ आला. आतां त्याचें बोट थोडें पूर्वेकडे वळलें होतें. तेथें क्षितिजावरून आणखी एक तारा वर येत होता आणि तो पहिल्याहून अधिक तेजस्वी होता. "गुरुजी, मंग हाऊ कोन शे?" त्यानें विचारलें.

मी काय सांगावें? हा दुसरा तारा अगस्ति आहे, हें त्याच्या तेजावरूनच मला कळून चुकलें. मग पहिला कोण? तें मला ठाऊक नव्हतें. आणि ठाऊक नाहीं असें म्हणण्याचें धैर्य, त्याच्या वडिलांच्या आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांच्या देखत, मला झालें नाहीं. मी म्हणालों, "रात्र फार झाली. सकाळीं शाळा आहे, जा, झोप." तो निमूटपणें उठून गेला. त्यानंतर त्यानें मला आकाशाविषयीं कधीं कांहीं विचारलें नाहीं. मास्तराला याहून मोठी शिक्षा ती कोणती?

त्या पहिल्या ताऱ्याचें नांव अग्रनद. पाश्चात्य लोक त्यास आकर्नार म्हणतात. आजचें माझें भाषण म्हणजे त्या मुलाला त्या रात्रीं द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर आहे.

प्रथम तो पाहावा कसा, तें सांगतों. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या आरंभापर्यंतचा काळ त्यासाठीं उत्तम. १ डिसेंबरला रात्रीं साडेनऊच्या सुमारास, १५ डिसेंबरला साडेआठाच्या सुमारास, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशीं साडेसातालाच तो थेट दक्षिणेस आपल्या सर्वोच्च स्थानीं येतो. हें सर्वोच्च स्थान तरी किती उंच? धुळ्याहून अवघें बारा अंश. हात लांब करून मूठ वळली तर ती मूठ आकाशाचे सुमारें दहा अंश झांकते. मुठीची खालची कड क्षितिजाला टेकवावी आणि मुठीवर एक बोट आडवें धरावें. त्या बोटाच्या वरच्या कडेशीं अग्रनद सांपडेल. धुळें शहराच्या रहिवाशांना खूण सोपी आहे. शहराच्या दक्षिणेस आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला आहे. गांवाच्या दिव्यांपासून दूर जाऊन त्या बाजूस तोंड करून उभें राहावें. जळगांवकरांनाही तो जवळजवळ तेवढ्याच उंचीवर दिसेल.

उगवल्यापासून मावळेपर्यंत हा तारा आपल्या आकाशांत सुमारें सात तासच असतो, आणि तेवढ्या वेळांत दक्षिणेच्या कडेनें एक बुटकी कमान काढून निघून जातो. दिल्लीहून तो जेमतेम चार अंश वर येतो, आणि श्रीनगरच्या लोकांना तर मुळींच दिसत नाहीं. उलट कन्याकुमारीस तो पंचवीस अंशांपर्यंत चढतो. अगस्तीशीं त्याची गल्लत होऊं नये म्हणून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अग्रनद दक्षिणेस सर्वोच्च स्थानीं येतो त्या क्षणीं आपल्याकडे अगस्ति उगवलेलाच नसतो. तो त्यानंतर सुमारें पाऊण तासानें उगवतो. त्या मुलानें पाहिलें तें अक्षरशः बरोबर होतें. चुकलें तें फक्त मास्तराचें.

तेजस्वितेंत रात्रीच्या आकाशांत व्याध पहिला, अगस्ति दुसरा आणि अग्रनद सुमारें नववा. इतका मानाचा तारा, आणि तरी आपल्याकडे त्याची ओळख कां नाहीं? याचें एक कारण हवा. बारा अंशांवरून येणारा प्रकाश, डोक्यावरून येणाऱ्या प्रकाशाच्या जवळजवळ पांचपट हवेंतून गाळून येतो. धूळ, धूर, धुकें यांतून त्याचें तेज मंदावतें, आणि मुळांत निळसर शुभ्र असलेला हा तारा आपणांस पिंवळट भासतो. दुसरें कारण मात्र अधिक खोल आणि अधिक मनोरंजक आहे. हा तारा आपल्या आकाशांत नवखा आहे. तो येथें पाहुणा म्हणून आला, आणि तोही उशिरा.

पृथ्वी भोंवऱ्यासारखी फिरते आणि भोंवऱ्याप्रमाणेंच तिचा आंसही सावकाश डुलतो. त्याचें एक आवर्तन पुरें व्हावयास सुमारें सव्वीस हजार वर्षें लागतात. आपले ज्योतिषी ज्यास अयनचलन म्हणतात, तें हेंच. या डुलण्यामुळें ताऱ्यांच्या उत्तर-दक्षिण स्थानांत पिढ्यान्पिढ्या फरक पडत जातो. सुमारें साडेपांच हजार वर्षांपूर्वीं अग्रनद दक्षिण ध्रुवाच्या अगदीं निकट होता. तेव्हां तो खानदेशांतून दिसणें शक्यच नव्हतें. तेथून तो हळूहळू उत्तरेकडे सरकूं लागला. हिशेब केला तर असें दिसतें कीं आपल्या अक्षांशावर तो प्रथम क्षितिजास स्पर्श करूं लागला तो इसवी सनापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें, म्हणजे अजिंठ्याचीं सर्वांत जुनीं लेणीं खोदलीं जाण्याच्या काळांत. वाघूर नदीच्या त्या कड्यांत छिन्नी चालविणाऱ्या कारागिरांच्या काळीं हा तारा दक्षिण क्षितिजाला घांसून क्षणभर डोकावत असेल. धुरकट हवेंत तो कोणाच्या दृष्टीस पडला असेल असें वाटत नाहीं.

आतां त्याच्या नांवाची गंमत पाहा. आकाशांत मृगाच्या पायाशीं जो राजन्य तारा आहे, त्याच्याजवळून अंधुक ताऱ्यांची एक लांबलचक नागमोडी ओळ निघून दक्षिणेकडे वाहत जाते. तिला पाश्चात्यांनीं नदी मानलें. आपल्या मराठी तारकाग्रंथांत तिला यमुना म्हणतात. कोणी वैतरणीही म्हणतात. आकर्नार हा शब्द अरबी, त्याचा अर्थ "नदीचा शेवट." पण अरबांनीं आणि त्यांच्यापूर्वीं ग्रीकांनीं नदीचा जो शेवट मानला होता तो हा तारा नव्हेच. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीला अग्रनद दिसतच नव्हता. त्याच्या क्षितिजाच्या तो खालीं होता. त्याची नदी अलीकडेच, आज आकामार नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका साधारण ताऱ्यापाशीं संपत असे. पुढें युरोपांतील खलाशी विषुववृत्त ओलांडून दक्षिणेस गेले आणि त्यांना दिसलें कीं जेथें नदी संपली असें आपण मानीत होतों, त्याच्या पुढेंही एक अतिशय तेजस्वी तारा आहे. मग नदी लांबविण्यांत आली आणि "शेवट" हें नांव पुढल्या ताऱ्यास मिळालें. १६०३ सालीं जर्मनींत बायर यानें प्रसिद्ध केलेल्या तारापटांत नदी या ताऱ्यापर्यंत पोंचलेली आहे. आकामार आणि आकर्नार हीं दोन्ही नांवें एकाच अरबी शब्दापासून निघालीं. एका नदीला दोन शेवट! क्षितिज दूर सरलें कीं आपण ज्याला शेवट म्हणत होतों तो शेवट राहत नाहीं, एवढा बोध यांतून घेतां येतो.

आपल्या प्राचीन ग्रंथांकडे वळलें तर सूर्यसिद्धान्तांत नक्षत्रांच्या योगताऱ्यांबरोबर अगस्त्य, मृगव्याध, अग्नि, ब्रह्महृदय अशा निवडक ताऱ्यांचीं स्थानें दिलीं आहेत. त्यांत अग्रनद नाहीं. अगस्तीचा उदय आणि अस्त पंचांगांत येतो, पावसाळ्याचें पाणी निवळण्याशीं त्याचा संबंध लोक जोडतात, त्याच्या कथा आजी नातवंडांस सांगते. अग्रनदाच्या वाट्याला ना कथा आली, ना व्रत. अग्रनद हें नांवही अर्वाचीन मराठी लेखकांच्याच ग्रंथांतून आपणांस मिळतें.

तथापि हा तारा ज्यांना दिसूं शकला असता असा एक थोर ज्योतिषी आपल्याच प्रांतांत होऊन गेला. चाळीसगांवजवळ पाटण या ठिकाणीं एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो उजेडांत आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापन केला, असें त्यांत लिहिलेलें आहे. काळ शके ११२८, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणि रचला तो शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० त. त्या काळीं अग्रनद या भागांतून सुमारें आठ अंशांपर्यंत वर येत होता, हें आपणांस गणितानें काढतां येतें. आचार्यांनीं तो पाहिला कीं नाहीं, तें कोण सांगणार? पाटणाच्या दक्षिणेस डोंगराचा कडा उभा आहे. पायथ्याशीं बसलेल्या मनुष्यास आठ अंशांवरचा तारा डोंगराआडच राहावयाचा. कड्यावर चढून जाणाऱ्यास मात्र तो दिसला असता. पाटणादेवीच्या दर्शनास गेलों असतां मी त्या कड्याकडे पाहत पुष्कळ वेळ उभा होतों. सगळ्या भारतवर्षास गणित शिकविणाऱ्या आचार्यांस जर एक डोंगर आड येऊं शकतो, तर आपण सामान्य माणसांनीं आपल्याला दिसतें तेवढेंच आकाश आहे असें कां मानावें?

येथवर ताऱ्याचें स्थान आणि नांव झालें. आतां त्याचा खरा विशेष सांगतों. आपण सगळे तारे वाटोळे आहेत असें समजतों. अग्रनद वाटोळा नाहीं. तो चपटा आहे, आणि तो चपटा होण्याचें कारण त्याचा विलक्षण वेग.

ज्वारी-बाजरीच्या राखणीला माळ्यावर बसलेल्या माणसाच्या हातांतील गोफण आपण पाहिली असेल. गोफण फिरूं लागली कीं दोर ताणला जातो. जितकी जोरानें फिरवावी तितका दगड बाहेर ओढ घेतो. आणि दोराचें एक टोंक सोडलें कीं दगड सुटून दूर जातो. फिरणाऱ्या प्रत्येक गोलाच्या पृष्ठभागावरील कणाची स्थिति या दगडासारखीच असते. त्याला धरून ठेवणारा दोर म्हणजे गुरुत्वाकर्षण. पृथ्वी जड वस्तूंस आपल्याकडे ओढून घेते, हें भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत सांगितलेलेंच आहे. गोल फिरूं लागला कीं मध्याच्या पट्ट्यावरील, म्हणजे विषुववृत्तावरील कण सर्वांत वेगानें फिरतात आणि सर्वांत अधिक बाहेर ओढ घेतात. ध्रुवावरचे कण जागच्या जागीं गिरकी घेतात, त्यांना बाहेरची ओढ नाहीं. यामुळें गोल मध्यें फुगतो आणि ध्रुवांकडे दबतो.

आपली पृथ्वीही अशीच किंचित् फुगलेली आहे. तिची विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, तर ध्रुवाकडील त्रिज्या ६,३५७ किलोमीटर. फरक अवघा २१ किलोमीटरांचा. एवढा सूक्ष्म फरक मोजण्यासाठीं किती माणसांनीं हाडें झिजविलीं! विल्यम लॅम्बटन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८०२ सालीं मद्रासेस मोजणीस आरंभ केला आणि पृथ्वीचा खरा आकार कळावा म्हणून कन्याकुमारीपासून उत्तरेकडे, साखळ्या व कोनमापक यंत्रें घेऊन, जमीन मोजीत तो वर्षानुवर्षें सरकत राहिला. हें काम करतां करतांच १८२३ सालीं आपल्या वऱ्हाडाच्या शेजारीं, वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें त्याला मृत्यु आला. त्याची कबर तेथें आहे. पुढें तें काम एव्हरेस्टनें चालविलें. पृथ्वी किती चपटी, या एका प्रश्नापायीं मनुष्य आयुष्य वेंचतो, हें मला फार मोठें वाटतें.

पृथ्वीहून गुरु अधिक चपटा. एवढा प्रचंड ग्रह, पण दहा तासांच्या आंत स्वतःभोंवतीं फिरतो. लहानशा दुर्बिणींतूनही त्याची थाळी वरून खालून दबलेली दिसते. उलट आपला सूर्य फार सावकाश फिरतो. त्याच्या विषुववृत्तावरील कणाला एक फेरी घालावयास सुमारें पंचवीस दिवस लागतात आणि त्याचा वेग सेकंदास दोनच किलोमीटर. म्हणून सूर्य जवळजवळ निर्दोष वाटोळा आहे.

आणि अग्रनद? तो सूर्याच्या सुमारें सहापट वजनाचा, तीन हजारांहून अधिक सूर्यांइतका प्रकाश टाकणारा तारा आहे. एवढा प्रचंड देह घेऊन तो साधारण दीड दिवसांत स्वतःभोंवतीं एक गिरकी पुरी करतो. त्याच्या विषुववृत्तावरील वायूचा वेग सेकंदास सुमारें तीनशें किलोमीटर आहे. धुळ्याहून मुंबई सरळ रेषेंत जवळजवळ तीनशें किलोमीटर भरते. "एक" म्हणेपर्यंत धुळ्याहून मुंबईस पोंचावें, असा तो वेग! त्यामुळें त्याची विषुववृत्तावरची त्रिज्या सूर्याच्या त्रिज्येच्या नऊपटींहून थोडी अधिक, तर ध्रुवाकडील त्रिज्या सात पटींनाही किंचित् कमीच. पृथ्वीचा फरक तीनशें भागांत एक भाग; येथें तिसऱ्या हिश्शाहून अधिक. चेंडू म्हणावा तर तो हातानें दाबलेला चेंडू आहे.

या आकाराचा एक चमत्कारिक परिणाम होतो. विषुववृत्तावरील वायू केंद्रापासून दूर गेलेला असतो, आणि वेगामुळें त्याच्यावरील गुरुत्वाची पकडही सैल झालेली असते. जेथें पकड सैल, तेथून बाहेर पडणारी उष्णता कमी. जेथें पकड घट्ट, तेथून ती अधिक. हा नियम स्वीडनचा ज्योतिषी फॉन झाइपेल यानें १९२४ सालीं मांडला. अग्रनदाच्या ध्रुवांवर तपमान केल्विन मापानें सतरा हजार अंशांच्या घरांत आहे, तर विषुववृत्तावर तें तेरा हजारांच्याही खालीं उतरतें. म्हणजे एकच तारा ध्रुवांकडे अधिक प्रखर आणि कमरेशीं मंद. आपल्या सूर्याच्या पृष्ठभागाचें तपमान सुमारें ५,८०० अंश आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे या "मंद" भागाचीही कल्पना येईल.

आणखी एक. गोफणीचा दोर तुटावयाच्या बेतांत यावा, तशी या ताऱ्याची अवस्था आहे. त्याचा वेग मर्यादेच्या इतका जवळ आहे कीं त्याच्या कमरेवरील वायू अधूनमधून सुटून बाहेर पडतो आणि ताऱ्याभोंवतीं त्याचें पातळ कडें तयार होतें. कांहीं वर्षें हें कडें टिकतें, मग विरून जातें, पुनः तयार होतें. ताऱ्याच्या प्रकाशाचें पृथक्करण केलें असतां हायड्रोजनच्या ठळक रेषा कधीं दिसतात, कधीं नाहींशा होतात. त्यावरून ही गोष्ट समजते. शिवाय त्याला एक लहान जोडीदारही आहे. तो सुमारें सात वर्षांत त्याच्याभोंवतीं प्रदक्षिणा घालतो, पण मोठ्याच्या झगझगाटांत तो आपल्या डोळ्यांस दिसणें नाहीं.

श्रोत्यांपैकीं कोणी विचारील, मास्तर, हा चपटेपणा कोणी पाहिला? दुर्बिणींतूनही तारा टिंबासारखाच दिसतो ना? प्रश्न अगदीं रास्त आहे. अग्रनदाचा प्रकाश आपणांकडे यावयास सुमारें एकशें चाळीस वर्षें लागतात. आज रात्रीं जो किरण आपल्या डोळ्यांत शिरेल तो राष्ट्रीय सभेची स्थापना झाली त्या सुमारास तेथून निघालेला आहे. इतक्या अंतरावरून त्याची थाळी किती दिसावी? नागपुरास ठेवलेला ज्वारीचा एक दाणा धुळ्याहून पाहावा, तेवढी. त्या दाण्याची लांबी आणि रुंदी निरनिराळी आहे, हें येथून ठरवावयाचें!

हें काम दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत, पारानाल नांवाच्या पर्वतावरील युरोपीय वेधशाळेंत झालें. तेथील शास्त्रज्ञांनीं २००२ सालच्या अखेरीस दोन लहान आरसे एकमेकांपासून दूर ठेवले. एका वेळीं अंतर ६६ मीटर, दुसऱ्या वेळीं १४० मीटर, आणि दिशा भिन्न. दोन्ही आरशांवरचा प्रकाश एकत्र आणला कीं लाटांवर लाटा येऊन उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. ताऱ्याची थाळी जितकी मोठी, तितके हे पट्टे पुसट. एका दिशेनें मोजावें, मग दुसऱ्या दिशेनें. दोन्हींत फरक पडला तर तारा वाटोळा नाहीं. २००३ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं अग्रनदाची रुंदी उंचीच्या १.५६ पट आहे. ताऱ्यांविषयींच्या प्रचलित कल्पनांत एवढा चपटेपणा बसेना, म्हणून शास्त्रज्ञांत मोठी खळबळ उडाली.

आणि आतां मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतों. तो आंकडा टिकला नाहीं. ताऱ्याभोंवतीं जो सुटा वायू असतो, त्याचा उजेड मोजमापांत मिसळला असावा, अशी शंका पुढें घेण्यांत आली. कडें नाहींसें झालें असतांच्या काळांत, अधिक चांगल्या उपकरणांनीं वेध घेतले गेले, आणि २०१४ सालीं नवा आंकडा प्रसिद्ध झाला : १.३५ पट. पहिला आंकडा प्रसिद्ध करणाऱ्यांतलेच कांहीं शास्त्रज्ञ दुसऱ्या कामांतही होते. आपलाच आंकडा त्यांनीं आपल्याच हातानें बदलला. त्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. कोणी त्यांना हंसलेंही नाहीं. उलट, तारा चपटा आहे ही मूळ गोष्ट त्यामुळें अधिकच बळकट झाली.

हें वाचलें तेव्हां मला तो मळा, तो जाळ आणि तो मुलगा आठवला. जगांतील थोर वेधशाळेंत बसलेलीं माणसें अकरा वर्षांनीं आपलें उत्तर दुरुस्त करतात. आणि मी, एका खेड्यांतला मास्तर, "बाळ, मला ठाऊक नाहीं, उद्यां पाहून सांगतों," एवढे शब्द उच्चारूं शकलों नाहीं. ज्या धुळ्याचें आपण नांव घेतों, तेथील ट्रेनिंग स्कूलमध्यें शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं कांहीं काळ अध्यापन केलें. "भारतीय ज्योतिःशास्त्र" हा त्यांचा ग्रंथ १८९६ सालीं प्रसिद्ध झाला. तेही शाळामास्तरच होते. दिवसा मुलांस शिकवावें आणि रात्रीं जुन्या पोथ्यांतील गणित आकाशाशीं ताडून पाहावें, हा त्यांचा परिपाठ कोठें, आणि आमच्यासारख्यांचें एका शब्दांत उत्तर देऊन मोकळें होणें कोठें!

निवृत्त झाल्यावर मी तारापट विकत आणले, वाचूं लागलों, आणि दोन हिवाळ्यांपूर्वीं त्या गांवीं पुनः गेलों. तो मुलगा आतां चाळिशी ओलांडलेला शेतकरी आहे. त्याच मळ्यांत कापूस आणि गहूं पिकवितो. दिवस मावळल्यावर आम्ही बांधावर बसलों. मी दक्षिणेकडे बोट केलें आणि म्हणालों, "तूं सातवींत असतांना मला जो तारा विचारला होतास, तो हा अग्रनद. मी त्या वेळीं तुला चुकीचें सांगितलें." मग हें सगळें, नदीचे दोन शेवट, गोफण, ज्वारीचा दाणा, मी त्याला सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें. त्याची मुलगी आमच्याजवळ बसली होती, तीही ऐकत होती. शेवटीं तो म्हणाला, "गुरुजी, तारे दोन आहेत, एवढें मला त्याच रात्रीं कळलें होतें. एकाचें नांव तेवढें राहिलें होतें."

त्यावर मला बोलतां आलें नाहीं. मुलीनें मात्र लगेच विचारलें, हा तारा नेहमीं एवढाच खालीं राहणार काय? तिला मी जें सांगितलें तेंच आपणांस सांगून हें भाषण पुरें करतों. अग्रनद अजून उत्तरेकडे सरकतो आहे. आणखी एक हजार वर्षांनीं खानदेशच्या आकाशांत तो सुमारें साडेसोळा अंशांपर्यंत चढेल, म्हणजे आज अगस्ति जेवढा वर येतो तेवढा. पाहुणा तोंवर घरचा झालेला असेल. त्या काळच्या मुलांना त्याचें नांव विचारावें लागूं नये, असें वाटत असेल तर आजच्या मुलांना तें आपण सांगितलें पाहिजे. येत्या डिसेंबरांत एखाद्या रात्रीं घरांतल्या मुलाचा हात धरून गांवाबाहेर जावें, दक्षिणेस तोंड करून मूठ आणि बोट क्षितिजावर धरावें, आणि तारा दाखवावा. मूल पुढें आणखी कांहीं विचारील. उत्तर येत असेल तर द्यावें. येत नसेल तर तसें सांगावें, आणि दुसऱ्या दिवशीं दोघांनीं मिळून शोधावें.